इराच्या डब्याचे मफिन

भट्टीवर आयुष्य गेलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. मैद्यासारखे अंगावर बसतात. झटकले तरी कानामागे थोडे राहतातच. बेकरीतले सगळ्यांना सांगून झाले. हे घरातले.

मी चौथी शिकलेलो. पस्तीस वर्षं पाव भाजला. नात इरा जूनपर्यंत इथे बिबवेवाडीत आमच्याबरोबर होती. तिच्या शाळेच्या डब्याचे मफिन मी करायचो. आता ती आईबापांबरोबर जर्मनीत. मी इथेच.

*

सुरुवात सूनबाईने केली. मोबाइलमध्ये बघून केळ्याचे मफिन केले. दगड! मी म्हणालो, "बाजूला हो."

प्रमाण मला पाठ होतं, पण बेकरीचं. घरच्या ओव्हनमध्ये एका वेळी सहा बसतात. सकाळी लागलो तो संध्याकाळी उठलो. दीडशे झाले.

सूनबाई म्हणाली, "बाबा, नात एकच आहे."

*

उरलेले तिने फ्रीजरमध्ये भरायला घेतले. मी चिडलो. "शिळा माल कधी विकला नाही. नातीला घालू?"

"शिळं नाही बाबा, फ्रोझन. सकाळी डब्यात ठेवायचा, मधल्या सुट्टीपर्यंत मऊ."

दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी गुपचूप एक काढून मऊ होऊ दिला, खाल्ला. पुन्हा दोन दिवस बोललो नाही. चांगला होता!

*

मफिनला काळी पडलेली केळी लागतात. गोडी त्यातच असते. कोपऱ्यावरच्या फळवाल्याकडे रोज तीच मागायचो.

एकदा त्याने विचारलं, "काका, गाईला का?"

"नाही. नातीला."

त्याने वर दोन चांगली केळी घातली.

*

सलीमभाई माझा बेकरीतला जोडीदार. अजूनही रविवारी येतो. चिकूचा मफिन खाऊन इराला म्हणाला, "बेटा, तुझ्या आजोबाने मालकासाठी असा माल कधी केला नाही."

मी म्हणालो, "मालक कधी 'आणखी एक द्या' म्हणाला नाही."

*

निघायच्या दिवशी गाडी खाली उभी. इराने बूट घातले आणि परत आत पळाली. फ्रीजर उघडून मोजले. अकरा.

"आजोबा, हे माझे. कुणाला द्यायचे नाहीत. मी येणार आहे."

"नाही देत."

सलीमभाईने पुढे दोनदा मागितला. दोन्ही वेळा नुसत्या चहावर गेला.

*

आणि तो गुरुवार. दुरुस्तीसाठी दिवसभर लाइट बंद. दार मिटलेलं राहिलं असतं तर फ्रीजरने दिवस काढला असता. पण भट्टीवाल्याला दार उघडून माल बघायची सवय. दर अर्ध्या तासाला उघडत राहिलो.

सलीमभाई सहज डोकावला आणि ओरडला, "अरे, ही काय भट्टी आहे? दार उघडलंस की थंडी पळते!"

चारपर्यंत अकराही मऊ. एकदा मऊ पडलेला माल पुन्हा गोठवत नाहीत. साडेचारला इराला फोन लावला. तिकडे नुकतीच तिची शाळा सुटली होती.

"सगळे?"

"अकराही."

मग म्हणाली, "मुक्ताला द्या. आम्ही एका बाकावर बसायचो."

डबा घेतला आणि शाळेच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. मुक्ता बाहेर आली. मला ओळखलं. मी डबा पुढे केला. तिने एक मफिन उचलला, बरोबर मध्ये तोडला, अर्धा उभ्या उभ्या खाल्ला. उरलेला अर्धा माझ्या तळहातावर ठेवला.

"हा इराचा."

"अगं, इरा आता लांब असते."

तिने फ्रॉकला हात पुसले. दप्तर पाठीवर नीट केलं.

"मग पाठवा!"