रद्दीची पेटी

आमच्या तालुक्याच्या गावातलं वाचनालय वर्गणीचं. कधीकाळी काही वकील, कापसाचे जिनवाले आणि कचेरीतल्या कारकुनांनी वर्गणी काढून एक कपाट घेतलं, तिथून ते सुरू झालं. सभासदालाच पुस्तक, सभासदालाच खुर्ची. बाहेरच्या कुणी नुसता पेपर चाळला तरी आमच्या अध्यक्षांच्या कपाळाला आठ्या. समितीत मी एकटी बाई, म्हणून चहा आणि स्वागताचं भाषण ही दोन खाती माझी. मिरवायची हौस मात्र अख्ख्या वाचनालयाची!

कापसापायी आमचा जिल्हा टीव्हीवर दिसू लागला, त्या वर्षांतली ही गोष्ट. भाव पडलेले, बोंडांत अळी, रोज कुठल्या तरी गावची वाईट बातमी. जो तो खेड्यात काहीतरी नेऊन देत होता; कुणी ब्लँकेटं, कुणी शिलाई मशीन. अध्यक्ष म्हणाले, "आपण पुस्तकं देऊ." मग माळ्यावरची, रद्दीत घालायची पुस्तकं खाली आली. कुणाचा शेवट नाही, कुणाची मधली पानं गायब. मी म्हटलं, "अहो, ही कशी द्यायची?"

"मॅडम, त्यांना कुठं एवढं कळतंय!"

मी मुकाट्यानं पुसून पेटीत भरली. पुसद रस्त्यावरच्या एका खेड्यात बायकांच्या बचत गटाला दिली, फोटो काढले, येताना भजी खाल्ली.

पंधरवड्यानं, ऐन वेचणीत, त्या गटाची पुढारीण वाचनालयाच्या दारात उभी. डोक्यावर तीच पेटी.

"पंधरा दिस झाले ना जी," ती म्हणाली.

मला आधी कळेचना. मग आठवलं. आमच्या प्रत्येक पुस्तकात छापील चिठ्ठी चिकटवलेली असते: पंधरा दिवसांत परत करावे, पान फाटल्यास वाचक जबाबदार. ती काढायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

तिनं पुस्तकं टेबलावर मांडली. प्रत्येकाला जुन्या लुगड्याचं कव्हर, सुटलेली पानं दोऱ्यानं शिवलेली. पेपर वाचत बसलेले सभासद माना वर करून बघू लागले.

"काही पुस्तकायचे पानं फाटले जी," ती खाली बघत म्हणाली. "एक नवी सून हाय आमच्यात. तीच सगळ्यायले वाचून दाखवे, पेटीबी तिच्याच घरी. मी नाही फाडले म्हनून लय रडली. पन आमी तिले गटातून काढलं. तुमी बाकीच्यायचे पुस्तकं बंद नोका करू."

अध्यक्ष पेपरामागून म्हणाले, "असू द्या, असू द्या. या वेळी माफ."

माफ! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "कुणी नाही फाडली. आम्हीच तशी दिली होती. पेटी मीच भरली."

वाटलं, तिचा जीव भांड्यात पडेल. तिनं उलट विचारलं,

"म्हंजे तुमाले मालूम होतं?"

"हो."

"मंग कायले देल्ले?"

मी कपाटाकडे वळले. "थांबा, चांगली पुस्तकं काढून देते."

"नोको जी." तिनं एका कव्हरवरची शिवण बोटानं सारखी केली. "हे तिनंच शिवले. पुसदची गाडी केवा हाय? मले आधी तिच्या घरी जा लागते."

"मीही येते," मी म्हटलं.

"तुमी येऊन काय सांगसान?"

"आत्ता इथं बोलले तेच."

ती तशीच दाराबाहेर पडली. मी चपला घातल्या आणि तिच्या मागं निघाले. स्टँडवर मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले, तशी ती पदर सावरत चार पावलं पलीकडं सरकली.