पाटीवरची धूळ

लेकीकडे अमेरिकेत गेलो होतो, तेव्हा तिने बेसबॉलची मॅच दाखवायला नेलं. तिथे फलंदाजापुढे जमिनीत एक पांढरी पाटी असते. तिच्यावरच्या अदृश्य चौकटीतून चेंडू गेला की नाही, हे मागे वाकून उभा असलेला अंपायर ओरडून सांगतो. पटलं नाही तर प्रेक्षक त्याला मनसोक्त शिव्या घालतात. मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

मग एकदा "स्ट्राइक", म्हणजे चेंडू चौकटीतून गेला, हे ऐकताच फलंदाजाने स्वतःच्या हेल्मेटवर टपली मारली. निर्णय मान्य नाही, मशीनला विचारा, अशी ती खूण असते, असं लेकीने सांगितलं. सगळं स्टेडियम मोठ्या पडद्याकडे वळलं. तिथे चित्रातला एक चेंडू तरंगत आला आणि चौकटीच्या केसभर बाहेरून गेला. अंपायरचा निर्णय फिरला.

"बघा बाबा, मशीन चुकत नाही," लेक म्हणाली.

"हे कुणी सांगितलं?"

"अहो, दिसलं ना आत्ता!"

दिसलं ते चित्र. खरा चेंडू तर केव्हाच मागच्या खेळाडूच्या हातमोज्यात विसावला होता. पण इतका वेळ बेंबीच्या देठापासून ओरडणारा माझ्या शेजारचा म्हातारासुद्धा मुकाट बसला. जिथे कुणीच भांडत नाही, तिथे मला आधी संशय येतो.

अंपायर पुढे आला, खिशातून छोटा ब्रश काढला आणि वाकून ती पाटी स्वच्छ झाडली. आपल्याला चुकीचं दिसू शकतं, एवढं त्याला ठाऊक होतं.

पडद्यावरची चौकट लखलखत होती. तिच्यावर धूळ बसली, तर झाडणार कोण?