अधोलीवरच्या किल्ल्या

आमच्या गावच्या महालाचा खरा इतिहास मला ठाऊक होता आणि खोटा तिथल्या खानसाम्याला. लोक ऐकायचे मात्र त्याचं. या एका गोष्टीवरून मी कितीतरी वर्षं जळत होतो, आणि आता या वयात ते कबूल करायला मला लाज वाटत नाही.

महाल जहागीरदारांचा. जहागिरी गेल्यावर ते हैदराबादला राहायला गेले, महाल सरकारजमा झाला आणि थोड्याच दिवसांत त्याचं विश्रामगृह झालं. दिवाणखान्यात लोखंडी खाटा आल्या, मुदपाकखान्यात स्टोव्ह आला. रस्त्याचे इंजिनिअर, मामलेदार, शाळा तपासायला येणारे दिपोटी असे साहेब लोक मुक्कामाला उतरू लागले. खानसामा म्हणून नेमला गेला तो महालातला जुना मोतद्दार. आयुष्यभर घोड्यांना खरारा केलेला माणूस आता साहेबांना येसर आमटी वाढत होता. सगळं गाव त्याला मामा म्हणायचं. मी म्हणत नसे.

माझे वडील महालाचे कारकून होते. सगळ्या किल्ल्या त्यांच्याजवळ असत. महालाची एक रीत होती. किल्ल्या कधी हातातून हातात द्यायच्या नाहीत. देवघरातली अधोली, म्हणजे धान्य मोजायचं माप, जोंधळ्यानं शिगोशीग भरायची, जुडगा तिच्यावर ठेवायचा, देणाऱ्यानं अधोली धरायची आणि घेणाऱ्यानं वरून किल्ल्या उचलायच्या. दाणा खाली पडू द्यायचा नाही. पडला तर घराचं अन्न उठलं असं समजत. महाल सरकारच्या ताब्यात द्यायची वेळ आली तेव्हा वडिलांनी हट्टानं हीच रीत पाळली. तहसीलदार ओट्यावर उभे राहिले, वडिलांनी अधोली पुढं केली आणि त्यांनी किल्ल्या उचलल्या. त्या संध्याकाळी वडील घरी आले, पायरीवर बसून राहिले, जेवले नाहीत. आईनं त्यांचं उपरणं झटकलं तर अंगणात जोंधळे पडले. "तहसीलदाराला उचलायची रीत ठाऊक नव्हती, सांडले," एवढंच ते बोलले. दोन वर्षांनी वडील गेले. त्यांची मागं राहिलेली मोठी गोष्ट म्हणावी तर हीच एक.

मी गावच्या शाळेत मास्तर झालो. वडिलांच्या दप्तरातले कागद वाचून महालाची खडान्‌खडा माहिती गोळा केली. पायाचा दगड कुठून आणला, माडी कोणी चढवली, सगळं. साहेब उतरले की मी स्वच्छ धोतर नेसून जायचो. साहेब पाच मिनिटं ऐकायचे, घड्याळाकडं बघायचे आणि म्हणायचे, "मामा, ती हत्तीची गोष्ट सांगा की!"

झालं. मामा खांबाला टेकून सुरू व्हायचा. "सात हत्ती डुलायचे दारात, साहेब! म्हणून तर दरवाजा येवढा उंच." महालात हत्ती कधी नव्हता. एक घोडा आणि दोन घोड्या होत्या आणि ते त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. दरवाजा उंच होता कारण जहागीरदारांच्या आजोबांना उंच वस्तू आवडायच्या. "खुद निजाम सरकार या खोलीत निजले," असं तो सांगायचा. निजाम कुठले, एक सुभेदार दुपारचं जेवून उन्हं उतरायच्या आत निघून गेले होते, आणि तेसुद्धा डाळ खारट झाली म्हणून कुरकुरत. पण साहेबांच्या बायका छताकडं टकामका बघत राहायच्या. या माणसाला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं!

हत्ती आणि निजाम मी एक वेळ सोडून दिले असते. पण एका साली दिपोटीसाहेब मुक्कामाला आले तेव्हाचं मला गिळता आलं नाही. मी महालाचा इतिहास अकरा पानं लिहून काढला होता, लाल शाईनं समास आखून. आदल्या संध्याकाळी तो त्यांच्या हाती दिला होता. सकाळी गेलो तर माझ्या पहिल्या पानावर त्यांची कपबशी होती. साहेब खुर्चीत रेलून मामाचं ऐकत होते.

"महाल सरकारात गेला त्या दिवशीची गोष्ट, साहेब. अधोली म्या धरली. या हातानं. तहसीलदारानं किल्ल्या उचलल्या, पर येक दाना सांडू दिला न्हाय म्या!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "खोटं आहे!" मी ओरडलोच. "अधोली माझ्या वडिलांनी धरली होती. तुम्ही त्या वेळी तबेल्यात असाल. आणि दाणे सांडले होते, तहसीलदारांच्या हातून. साहेब, पान नऊवर लिहिलंय मी!"

दिपोटींनी कपबशी उचलून पान नऊ शोधायला सुरुवात केली. मामा माझ्याकडं बघत राहिला. मग तो साहेबांना म्हणाला, "मास्तर म्हनतात तेच खरं, साहेब. त्यांच्या वडलांनीच दिल्या किल्ल्या. म्या आपलं मीठ-मिरची लावून सांगतो." रिकामा कप घेऊन तो आत गेला.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी जिंकलो होतो. खरं तर तिथंच थांबायला हवं होतं. पण मत्सराचं पोट एवढ्यानं भरत नाही. त्याला आणखी दोन शब्द सुनवावेत म्हणून मी मागोमाग मुदपाकखान्यात शिरलो.

"इतकी वर्षं माझ्या वडिलांची गोष्ट स्वतःच्या नावावर खपवलीत. लाज नाही वाटली?"

तो कप विसळत होता. "बसा मास्तर," म्हणाला.

मी बसलो नाही.

"तुमचे वडील अधोली घेऊन देवघरातून निघाले," तो म्हणाला. "पायरीवर आले न् त्यांचे हात लटलट कापाय लागले. अर्धा जोंधळा त्यांच्या उपरण्यात सांडला. तिथंच खाली बसले. लेकरावानी रडत व्हते, मास्तर. भाईर तहसीलदार खोळंबला व्हता. मला म्हनले, 'तू धर रे, मला व्हायचं न्हाय.' म्या दाने येचले, अधोली भरली, न् भाईर गेलो. ते खांबामागं बसून व्हते. पुन्यांदा मातर सांडू दिला न्हाय म्या."

मला उपरणं आठवलं. तहसीलदारांनी वरून किल्ल्या उचलल्या असत्या, तर दाणे ओट्यावर पडले असते. वडिलांच्या उपरण्यात कसे आले असते? एवढी साधी गोष्ट, आणि मी अकरा पानं लिहिली.

"मग साहेबांना त्यांचं नाव का सांगत नव्हता?" मी विचारलं.

"नाव घेतलं असतं तर फुडचं बी सांगावं लागलं असतं," तो म्हणाला. "रडल्याचं कशाला सांगायचं मानसाचं? गावात मान व्हता त्यांना. त्यापरीस म्या खोटारडा बरा. हत्तीचं सांगतोच की."

बाहेरून दिपोटींनी हाक मारली. "मास्तर, पान नऊ सापडलं. छान लिहिलंय हो! दाण्यांचा प्रसंग फार चांगला आहे." ज्या शाबासकीसाठी मी इतकी वर्षं टाचा घासल्या, ती अखेर मिळाली होती. मी बाहेर जाऊन नमस्कार केला आणि पानं परत मागून घेतली. दुरुस्ती करायची आहे म्हणालो.

ती दुरुस्ती मी कधीच केली नाही. त्यानंतर साहेब आले की मी मामांच्या शेजारी बसायचो आणि हत्ती निमूटपणे ऐकून घ्यायचो. किल्ल्यांची गोष्ट मात्र त्यांनी पुन्हा कधी सांगितली नाही.

हेवा गेला असं म्हणालो तर ते खोटं होईल. माझे वडील माझ्यासमोर कधी रडले नाहीत. आजोबा गेले तेव्हाही नाही. ते रडले ते मामांच्या पुढ्यात, आणि 'तू धर' म्हणाले तेही मामांना. मी त्या वेळी वीस वर्षांचा होतो, दोन गल्ल्या पलीकडं घरात बसलो होतो. मला त्यांनी बोलावलं नाही.