डावीकडची वाटी पातळ

कोपरीपासून पार आंबिवलीपर्यंत शोधलं तरी इंजिन ऑइलच्या जाडीवर माझ्या मामेसासऱ्यांइतका जीव टाकणारा माणूस सापडला नसता. लोक देवळात जाऊन आले की प्रसाद देतात. मामा गाडीचं तेल बदलून आले की समोरच्याच्या हातावर तेलाचा थेंब ठेवत आणि म्हणत, "चोळून बघ. घाई करू नकोस." चोळल्यावर काय वाटलं ते सांगावं लागे. "चिकट आहे" एवढं उत्तर त्यांना चालत नसे. चिकट तर गूळही असतो.

मामा रंगाच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. तळाला भोक असलेल्या एका भांड्यात रंग ओतायचा, तो किती सेकंदांत गळून जातो ते घड्याळ लावून मोजायचं आणि त्यावरून रंग जाड की पातळ ते ठरवायचं, हे त्यांनी तीस वर्षं केलं. निवृत्त होताना त्यांनी साहेबांकडून दोन गोष्टी मागून घेतल्या, ते सेकंद मोजायचं स्टॉपवॉच घड्याळ आणि साहेबांची जुनी गाडी. गाडी सायीच्या रंगाची होती आणि माझ्या नवऱ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान. घड्याळाने ते पुढे सगळंच मोजू लागले. चहा गाळण्यातून उतरायला किती वेळ लागतो, कढी डावातून कशी पडते, शेजाऱ्यांकडच्या पिठल्याला किती सेकंद. मामी म्हणत, "ह्यांना जेवायला वाढताना मला परीक्षेला बसल्यासारखं होतं."

गाडीला कोणतं तेल घालायचं हा त्या घरातला कायमचा प्रश्न होता. मला तो मामांनी इतक्या वेळा समजावला की आजही झोपेतून उठून सांगेन. नव्या इंजिनात भागांमधली फट बारीक असते, तिथे पातळ तेल पुरतं. जुन्या इंजिनाची फट झिजून वाढते, मग तेल जरा जाड हवं. मामांच्या गाडीत तीस नंबरचं, म्हणजे पातळ तेल घातलं तर मुंब्र्याच्या पुढे इंजिन तापलं की तेलाचा लाल दिवा लुकलुकायला लागे. जाड पन्नास घातलं तर दिवा गप्प, पण सकाळी सुरू करताना तेल वर चढेपर्यंत इंजिन टकटक करी. "वय झालं की पांघरूण जाड लागतं," मामा म्हणत, "पण उठताच येणार नाही इतकं जाड नको." नंतर वीस-पन्नास नावाचं तेल आलं. गार असताना पातळ, तापल्यावरही दम धरणारं. त्याचा डबा त्यांनी आठवडाभर शोकेसमध्ये ठेवला होता. "असा स्वभाव माणसात शोधून सापडत नाही, शोभा," ते मला म्हणाले आणि मामींकडे बघायचं त्यांनी कटाक्षाने टाळलं.

दुसऱ्यांच्या गाड्यांबाबतही त्यांना राहवत नसे. कल्याणला एका लग्नात फुलांनी सजवलेली नवरदेवाची गाडी निळसर धूर सोडत दारात आली. मामांनी ड्रायव्हरला बॉनेट उघडायला लावलं, तेल मोजायची पट्टी ओढून काढली आणि पुसायला काही नव्हतं म्हणून स्वतःच्या पांढऱ्याशुभ्र झब्ब्याला पुसली. आत भटजी ओरडत होते. "नवरा मुलगा थांबेल हो," मामा शांतपणे म्हणाले, "बेअरिंग थांबणार नाही." त्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत मामांच्या पोटावर काळा पट्टा आहे.

आणि विठ्ठलवाडीचा मेकॅनिक. गाडी फार धूर टाकायला लागली तेव्हा तो म्हणाला, "काका, टेन्शन कशाला घेता? पन्नास नंबर डाला, वरून एक डबा तेल घट्ट करायचं औषध. धूर गायब, आवाज गायब. गिऱ्हाईक बघा, विकून टाका. त्याला काय कळतंय?" मामा तिथल्या स्टुलावर बसले आणि त्यांनी त्याला अर्धा तास सुनावलं. इंजिन झिजलं असेल तर ते ऐकायचं असतं, जाड तेलाखाली दडपायचं नसतं. दडपणारा माणूस मेकॅनिक नव्हे, चोर. तो बिचारा शेवटी हात जोडून म्हणाला, "काका, मी तर बस आयडिया दिली."

पण मामांचा अखेरचा निर्णय घड्याळावर नसे, मामींवर असे. कोपरीच्या त्यांच्या इमारतीत दिवाळीला रव्याच्या लाडवांचा पाक मामींना विचारल्याशिवाय कुणी गॅसवरून उतरवत नसे. बायका चमचा घेऊन जिने चढत. मामी पाकाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं लांबवत आणि सांगत, "अजून एक कढ," किंवा "पळ, पळ, उतरव!" मामांनी हे पाहिलं आणि तेलाच्या वाट्या स्वयंपाकघरात आणायला सुरुवात केली. "बघ गं, किती तारी?" मामी कपाळाला हात लावत, स्टीलच्या तीन वाट्या कायमच्या बाद झाल्या म्हणून कुरकुरत, आणि तेल चोळून अचूक सांगत. तीस, चाळीस, पन्नास. घड्याळ लावून पाहिलं की मामी बरोबर निघत. मामा तेव्हा इतके खूश होत, जणू तेल त्यांनीच विहिरीतून काढलंय.

मामींना अर्धांगवायूचा हलका झटका आला तो त्याच बोटांवर. बोलणं आठवड्यात सुधारलं, उजवा हात हलायला लागला, पण बोटांच्या टोकांना काही लागेना. गरम कळेना, ओलं कळेना. डॉक्टर म्हणाले, बोटांना रोज काम द्या, संवेदना येईलही. त्यांनी दिलेला रबरी चेंडू मामींनी कपाटाखाली लोटून दिला. "मी काय बाळ आहे?" आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

पुढच्या रविवारी मामा डोंबिवलीला आमच्याकडे आले. गाडीने नाही, रिक्षा बदलत. "शोभा, तुझी एक वही दे. तू रकाने छान आखतेस." मी याद्या करते हे आमच्याकडे चेष्टेचं होतं, पहिल्यांदाच कुणी त्या मागायला आलं होतं. मी रकाने आखले: तारीख, डावी वाटी, मधली, उजवी, मामींचं उत्तर, शेरा. मामांची योजना सरळ होती. चेंडूला हात न लावणारी बाई तेलाला नाही म्हणणार नाही. आणि तसंच झालं. मामी उठून बसू लागल्या. वाट्या येत, त्या बोट बुडवत, खिडकीकडे बघत चोळत आणि उत्तर देत. दर रविवारी मी कोपरीला जाऊन वही तपासे. पहिला आठवडा सगळं बरोबर. दुसरा आठवडा सगळं बरोबर. पाचवा आठवडा सगळं बरोबर.

मला इतकं बरोबर आवडत नाही. मी रकाने पुन्हा वाचले. डावी वाटी: तीस. मधली: चाळीस. उजवी: पन्नास. रोज. तीस वर्षं नमुने तपासलेला माणूस पस्तीस दिवस वाट्या एकाच क्रमाने मांडत होता.

मामा हात पुसायला फडकं आणायला गेले तेवढ्यात मी मामींच्या नकळत वाट्यांच्या जागा बदलल्या. मामींनी बोट बुडवलं, खिडकीकडे पाहिलं. "तीस. चाळीस. पन्नास."

एकही बरोबर नव्हतं. मामा दारात फडकं घेऊन उभे होते. त्यांनी वाट्यांचा बदललेला क्रम पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"बरोबर," ते म्हणाले. "अगदी बरोबर."

"शोभा, तू काय लिहिलंस?" मामींनी विचारलं.

माझ्या हातात पेन होतं. "चूक, मामी. तिन्ही चूक."

मामींनी बोट पदराला पुसलं. मग मामी म्हणाल्या, "मला काही लागतच नाही गं. पहिल्या दिवसापासून. डावीकडे पातळ असतं एवढं पाठ झालं. ह्यांचा चेहरा असा फुलायचा, म्हटलं राहू दे." आणि मामांकडे वळून, "अहो, जाड तेल घालून धूर झाकायला सांगितला म्हणून त्या मेकॅनिकला अर्धा तास सुनावलंत ना? मग मला का झाकत होतात?"

मामा खुर्चीत बसले. त्यांनी हातातल्या फडक्याची घडी घातली. "तू पुन्हा भिंतीकडे वळशील असं वाटलं," ते म्हणाले.

"नाही वळत. नीट मांडा वाट्या."

मी ताबडतोब सहा दिवसांच्या सहा चिठ्ठ्या केल्या. प्रत्येकीवर वाट्यांचा वेगळा क्रम, आणि दर रविवारी नव्या सहा. रोज सकाळी मामांनी डोळे मिटून एक उचलायची, तशाच वाट्या मांडायच्या आणि चिठ्ठी वहीत चिकटवायची. पुढचे तीन आठवडे वहीत बहुतेक चुकाच होत्या आणि मामी त्या मोठ्याने वाचून दाखवायला लावत. चौथ्या आठवड्यात एका बुधवारी त्यांना पन्नास ओळखू आलं. "हे अंगठा सोडत नाही," त्या म्हणाल्या. मामांनी मला ऑफिसात फोन केला आणि नुसतं "पन्नास!" म्हणून ठेवून दिला. चाळीस आणि तीस वेगळे व्हायला दिवाळी उजाडली. त्या दिवाळीत खालच्या मजल्यावरची बाई चमचा घेऊन भीत भीत वर आली. मामींनी थेंब धरला, बोटं लांबवली, डोळे मिटले. मामा शेजारी घड्याळ धरून उभे होते, पण ते सुरू करायला विसरले.

"पळ," मामी म्हणाल्या, "उतरव."

आता दोघंही नाहीत. गाडी शेवटी ज्याने विकत घेतली त्याला मामांनी धूर, टकटक आणि लाल दिवा, तिन्ही दाखवून मगच किल्ली दिली. वाट्या माझ्याकडे आहेत, कितीही घासल्या तरी जरा निसरड्याच. वहीही आहे. मध्यंतरी कपाट आवरताना उघडली आणि त्या रविवारचं पान आलं. माझ्या अक्षरात तीनदा "चूक". बाजूचा शेऱ्याचा रकाना मी रिकामा ठेवला होता, मला पक्कं आठवतं. तिथे मामांनी नंतर कधीतरी, कारखान्यातल्या बारीक, सरळ अक्षरात लिहून ठेवलंय: "चूक तपासणाऱ्याची. नमुना उत्तम."