ध्रुवाच्या आख्यानासाठी एक फोटो

रॉकेट सुटायला थोडाच वेळ उरलाय आणि कुमुदताई डोळे मिटतात. नमन केल्याशिवाय कुठल्याच कामाला हात घालायचा नाही, हे कीर्तनकाराच्या घरचं वळण. लेकीच्या चेन्नईतल्या घराच्या गच्चीवर त्या खुर्चीत मांडी घालून बसल्यात. पुढ्यात ट्रायपॉडवर कॅमेरा, त्याच्या वायरीचं बटण अंगठ्याखाली. बटण दाबून धरलं की रॉकेट जाईल तिथवर उजेडाची रेघ उमटत जाते. सोडलं की रेघ तुटते.

कॅमेरा भाऊंचा, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाचा. भाऊ कीर्तनकार. ध्रुवाचं आख्यान लावलं की त्यांच्या बोलण्यात रॉकेट हमखास यायचं. ध्रुवबाळ कसा चढला असेल ते फोटोतच दाखवतो, असा शब्द त्यांनी गावी, कोळंब्याच्या देवळातल्या पोरांना दिला होता. एकदा इथवर आले आणि नुसत्या ढगांचे फोटो घेऊन परतले. आता देवळाचा उत्सव तोंडावर आलाय आणि भाऊ नाहीत. मागे राहिलेला शब्द कुमुदताईंनी उचललाय. आज चुकलं तर उत्सवाआधी दुसरं रॉकेट नाही.

"केतकी, सुटायच्या आधी हाक मार गं."

"मारते," कठड्याशी उभी लेक म्हणते, आणि तिचा आवाज लांब लांब जातो.

उदाचा वास येतो. कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांवर झेंडूच्या माळा लोंबतायत. पाण्याच्या टाकीच्या जागी गाभारा आहे, आणि त्याचं कुणालाच नवल नाही. सभामंडपात समुद्राचा वारा खेळतोय. मधोमध भाऊ उभे आहेत. फेटा, उपरणं, हातात झांज.

"कुमे, पहिल्या रांगेत बसून पेंगतेस होय गं?"

"पेंगत नाही, नमन करतेय. भाऊ, तू किती वाळलायस!"

"पंगत रोज असते गं तिकडे. पण कढीला मीठ म्हणून नाही!"

"आणि रॉकेट? ते दिसतं की नाही वरून?"

"दिसतं की. नुसतं टाळकं! चढताना बघायचं तर खालीच यायला लागतं. म्हणून आलो."

कुमुदताईंना हसू येतं आणि लगेच अंगठ्याखालचं बटण आठवतं. "भाऊ, कधी दाबू, कधी सोडू, मला काही कळत नाही. बिघडलं तर पोरांना काय दाखवू?"

"गजर सुरू झाला की दाब. चालू गजरात मांडवातून कुणी उठतं का? तसंच बोट उठवायचं नाही, मी थांबेपर्यंत."

"तू कधी वेळेवर थांबलायस? तुझ्यापायी प्रसादाचा शिरा गार व्हायचा."

"मग आज होऊ दे बर्फ!"

झांज खणखणते. विठ्ठल विठ्ठल! कुमुदताई बटण दाबतात. गाभाऱ्यामागून नारिंगी उजेड वर येतो, माळा, खांब, माणसं सगळी केशरात बुडाल्यासारखी होतात. भाऊ रंगात येऊन गिरकी घेतात आणि त्यांचा पाय धाडकन ट्रायपॉडला बसतो.

"अरे मेल्या!"

"मेलेल्याला कसली शिवी देतेस? बोट सांभाळ, बोट!"

बोट जागच्या जागी आहे. भाऊ मात्र जागेवर नाहीत. पायाखाली उजेड घेऊन ते कळसाच्या उंचीला पोचलेत, झांज चालूच.

"थांब की! पाया पडायचंय मला. गेल्या खेपेला पडायचं राहून गेलं."

"बसल्या जागी पड. पोचतो नमस्कार."

अंगठा न हलवता कुमुदताई वाकतात. तेवढ्यात मृदंग घुमायला लागतो. दूरचा, जड, खुर्चीच्या पायांतून कळणारा.

त्या डोळे उघडतात. मृदंग नाही, रॉकेटचा आवाज. उजेड निघून गेल्यावर मागून सावकाश गच्चीपर्यंत पोचलेला. आभाळात पांढुरक्या धुराखेरीज काही नाही.

"संपलं?" त्या कशाबशा विचारतात. बटणावरचा अंगठा पांढरा पडलाय. तो त्या आत्ता उचलतात.

"कसलं भारी गेलं, आई! मी हाका मारल्या, तर तू कॅमेऱ्यात गढलेली."

"मी झोपले होते गं."

केतकी आईकडे बघते, मग घाईघाईने कॅमेऱ्याच्या पडद्याकडे. नारळाच्या शेंड्यांपासून थेट चौकटीच्या वरच्या कडेपर्यंत सोनेरी कमान, कुठेही न तुटलेली. खालच्या बाजूला तेवढा कमानीला एक हिसका बसलाय, आणि शेजारच्या इमारतींच्या दिव्यांनाही तसाच.

"इथे पाय लागला तुझा," केतकी म्हणते.

दोघी खाली बघतात. कुमुदताईंची मांडी खुर्चीत तशीच आहे, पाय साडीखाली.

"असू दे," केतकी म्हणते. "कॉम्प्युटरवर सरळ करता येईल."

"खबरदार!" कुमुदताई कॅमेरा पदराआड घेतात. "पोरांना आधी तो हिसकाच दाखवणार आहे मी."