मुकादम मोकळा झाला

सत्यभामा कन्नड तालुक्याकडची. गावी जनावर दुखणाईत पडलं, की सगळी आळी सल्ले द्यायला जमायची आणि ही मुकाट्यानं त्याच्या मानेवरून हात फिरवत बसायची. मग लागोपाठ पावसानं पाठ फिरवली, गोठा रिकामा झाला आणि ती शहरात आली. क्रांती चौकाजवळ अमेय डॉक्टरांच्या कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात सुया, सलाईन, ड्रेसिंग सगळं शिकली. शहर बायपासच्या पलीकडं पसरत चाललेलं, नळाला पाणी नाही, आणि इथं मात्र कुत्र्यांना शाम्पूनं आंघोळ! हे शहर काही आपल्याला उमगायचं नाही, असं ती म्हणायची, आणि खरंच तिला ते उमगत नसे.

त्या उन्हाळ्यात मधुसूदनराव मुकादमाला घेऊन आले. मुकादम म्हणजे त्यांचा बोका. टँकर आला की हा भिंतीवर बसून रांगेवर देखरेख करायचा, म्हणून त्यांच्या बायकोनं, दमयंतीबाईंनी, हे नाव ठेवलेलं. बाई आदल्या वर्षी वारल्या. घरात आता हे दोघंच.

बोक्याची लघवी तुंबली होती. पोट दगडासारखं घट्ट, ओरडून घसा बसलेला. डॉक्टरांनी नळी घातली, सलाईन लावलं आणि रावांना घरी पाठवलं. पुढं नळी काढल्यावर बोक्यानं आपणहून चांगली धार सोडली, तेव्हा सत्यभामाला आनंद आवरेना. तिनं तडक फोन लावला.

“काका, मुकादम मोकळा झाला बघा! लई सोसलं बिचाऱ्यानं.”

पलीकडं खुर्ची करकरली. मग राव म्हणाले, “बरं. असू दे तिथंच. माझी तयारी झाली, की न्यायला येतो.”

कसली तयारी? बोक्याला न्यायला काय वऱ्हाड लागतं? सत्यभामा बुचकळ्यात पडली. दुसरा दिवस उजाडला, दुपार झाली, राव नाहीत. फोन नुसता वाजत राहिला.

“माणसं अशीच टाकून जातात,” डॉक्टर वैतागून म्हणाले. “पिंजरे भरलेत. संध्याकाळी वैजापूरला टेम्पो चाललाय, धान्याच्या गोदामात सोडतील. उंदीर खाईल.”

सत्यभामा पिंजऱ्यापाशी गेली. ह्या बोक्याला भिजवलेलं अन्न हवं, सारखं पाणी हवं, लघवी होते की नाही ते बघणारं माणूस हवं. गोदामात परत तुंबली तर दोन दिवसांत जाईल. पण पिशवीतला बोका छातीशी धरून रडवेला झालेला तो माणूस त्याला टाकेल कसा? आपलंच काही चुकलं का? काय बोललो आपण? काही केल्या उलगडा होईना. शेवटी तिनं बोका झाकणाच्या टोपलीत घातला आणि रिक्षा करून रावांचं समर्थनगरातलं घर गाठलं.

राव अंगणात होते. हातात पहार, अंगभर धूळ. टोपली बघून त्यांचा चेहरा पडला.

“का आणलंत एवढ्यात? खड्डा अजून पुरता झाला नाही. जमीन नुसता दगड झालीय.”

“कसला खड्डा, काका?”

तेवढ्यात टोपलीतून म्याँव ऐकू आलं. रावांच्या हातातली पहार गळून पडली.

“तुम्हीच म्हणालात ना, मोकळा झाला?”

“व्हय! म्हंजी लघवी मोकळी झाली त्याची!”

राव पायरीवर टेकले. “हिच्या वेळी दवाखान्यातून असाच फोन आला होता. बाई मोकळ्या झाल्या, म्हणाले. मला वाटलं, घरी सोडतायत. धुतलेलं लुगडं घेऊन गेलो तिला आणायला.” ते थांबले. “या वेळी म्हटलं, फसायचं नाही.”

सत्यभामाला बोलायचंच भय वाटू लागलं. तिनं गुपचूप झाकण काढलं. मुकादम बाहेर आला, आळस दिला, सगळ्या अंगणात तेवढीच भुसभुशीत माती हुंगली आणि सरळ खड्ड्यात उतरून ऐटीत बसला.

ती ओणवी होऊन बघू लागली. “झाला! मो…” तिनं जीभ चावली.

“काय झालं?” राव घाबरून उठले.

“लघवी, काका. साधी लघवी झाली.”

“पुन्हा एकदा सांगा,” राव म्हणाले.