चांदी वरच्या फळीवर

अमरावती-अकोला एस.टी.त ती म्हातारी माझ्या शेजारी बसली होती. हातात चांदीची जाड कडी. बस आदळली की ती आधी कडी चाचपायची आणि मग स्वतःला सावरायची.

मी वरच्या फळीवर ठेवलेल्या डब्याकडे तिनं बोट केलं. "काय हाय त्यात?"

"बॅटरी. चांदी आणि जस्ताची. ती पुन्हा पुन्हा चार्ज व्हावी म्हणून संशोधन करतोय. आज अकोल्याला कॉलेजात परीक्षकांना दाखवायचीय."

"चांदी? अन् वर ठेवली? काहून रे, घरी कोनी शिकवलं नाही का तुले?"

डबा खाली काढायला लावून तिनं मांडीवर घेतला, त्यावर पदर टाकला आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाकडे चोर असल्यासारखं पाहत बसली. कंडक्टरही त्यातून सुटला नाही.

माझी अडचण मी तिला सांगितली. चार्ज करताना जस्ताला बारीक काटे फुटतात, ते मधला पडदा फाडतात आणि बॅटरी मरते. कित्येक वर्षं मी त्या काट्यांशीच भांडतोय.

"मेल्यावर आतली चांदी मोडून परत निंघते का?" दागिना घेताना सोनाराला विचारावं तसं तिनं विचारलं.

"निघते. सगळी."

"मंग भेऊन काहून राहिला? बॅटरी बुडाली तरी चांदी थोडीच बुडते!"

अकोल्यात उतरताना तिनं मला डबा उघडून आत पाहायला लावलं. नंतर तक्रार नको.

दुपारी सगळ्यांसमोर बॅटरी बसली. परीक्षकांनी चष्मा काढून विचारलं, "इतकी वर्षं घालवून हातात उरलं काय?"

"चांदी," मी म्हणालो.